मक्याच्या हॉटेलचं आवतन

गहू तीन दिवस भिजत होता आणि शिवकन्या पहाटे चारला उठली होती. त्यामुळे त्या रविवारी हिंगोलीकडच्या गोरेगावातल्या घरात मेक्सिको देशाचा विषय निघाला, तेव्हा तिचे दोन्ही हात कोपरापर्यंत चिकाने भरलेले होते आणि अर्ध्या कुरडया गच्चीवर घालून झाल्या होत्या. खाली ओसरीत कूलरसमोर तिच्या सासऱ्यांचं मंत्रिमंडळ बसलं होतं. संतराम दोनदा ग्रामपंचायतीत निवडून आले होते आणि तिसऱ्यांदा अकरा मतांनी पडले होते. तेव्हापासून घरातला कुठलाही प्रश्न ते हात वर करून घेऊन सोडवत, कारण घरात अजून तरी त्यांचं बहुमत होतं.

प्रश्न जेवणाचा होता. येत्या शुक्रवारी शिवकन्या आणि बंडू यांच्या लग्नाला पंचवीस वर्षं होत होती. त्यांची लेक प्रियंका पुण्यात नोकरीला लागून वर्ष झालं होतं, आणि आईबापाला एकदा तरी चांगल्या ठिकाणी बसवून जेवू घालायचं हे तिने पहिल्या पगारापासून मनात धरलं होतं. शनिवारी ट्रॅव्हल्समधून उतरली ती संभाजीनगरमधली तीन हॉटेलं मोबाइलमध्ये घेऊनच. संभाजीनगर पाच तासांवर. हिंगोली जवळ होतं, पण गेल्या दिवाळीत तिथल्या एका ढाब्यावर संतरामनी आचाऱ्याला बाहेर बोलावून पोळी कशी लाटतात ते सगळ्यांदेखत शिकवलं होतं. त्यानंतर आपल्याला कोणी ओळखत नाही असंच गाव बरं, यावर घरात कधी नव्हे ते एकमत होतं.

तीन हॉटेलांपैकी एक गच्चीवरचं पंजाबी, एक चायनीज आणि एक मेक्सिकन. चायनीज पहिल्याच फेरीत बाद झालं, कारण ते गोरेगावच्या बाजारातही गाड्यावर मिळत होतं आणि मुन्नाचं त्या गाड्यावाल्याशी वाजलेलं होतं. मुन्ना म्हणजे बंडूचा धाकटा भाऊ. सेनगावला जीप मारायचा आणि जगातल्या सगळ्या विषयांवर त्याचं मत तयार असायचं. तो पंजाबीच्या बाजूने होता. नणंद अनुसूयाही पंजाबीच्याच बाजूने होती. ती पुसेगावला दिलेली, पण दर रविवारी माहेरी येऊन आपलं इथे कसं कोणी ऐकत नाही ते सांगून जायची. गळ्यात माळ घातल्यापासून तर ती ग्लाससुद्धा दोनदा विसळून घेई. मेक्सिकन हॉटेलात वेगळी भांडी असतात का, असं तिने प्रियंकाला चार वेळा विचारलं. ते हॉटेल पूर्ण शाकाहारी आहे असं चार वेळा ऐकल्यावर तिचा थोडा हिरमोड झाला.

"पन त्ये लोक खातेत काय?" संतरामनी विचारलं.

मुन्नाने मोबाइलवर शोधून काढलं. मक्याची भाकर, ती एवढीशी, तळहाताएवढी. तिच्यात राजमा, मिरची, कांदा घालून घडी करायची आणि हातात धरून खायची.

"मका?" संतराम म्हणाले. "मका आपन म्हशीला टाकतो. म्हशीचं खानं खायाला पाच तास जायाचं, आन वरून पोरगी म्हनती बूट घालून या."

बुटाचं प्रियंकाने खरंच सांगितलं होतं. त्या हॉटेलात नीटनेटकं यावं लागतं, टेबल आधी सांगून ठेवावं लागतं आणि ताट मोठं नि पदार्थ लहान असतो, असं तिने सकाळी समजावून सांगितलं होतं. पदार्थ लहान असतो हे ऐकल्यावर मुन्नाने निघण्याआधी घरी जेवून घ्यावं अशी सूचना मांडली होती.

शिवकन्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभी राहून हे ऐकत होती. त्या हॉटेलातल्या भाकरींचा फोटो तिने सकाळी गच्चीवरच पाहिला होता. चिकाने भरलेले हात लांब धरून ती वाकली आणि प्रियंकाने मोबाइल तिच्या तोंडापुढे धरला. काळ्या दगडी ताटलीत तीन पिवळ्या भाकरी, कडेला जरा करपल्याचे डाग, शेजारी वाटीत हिरवा ठेचा. मका आहे हे प्रियंकाने सांगायच्या आधीच तिने ओळखलं. तिला एकदम रडूच आलं, आणि ते धुरामुळे आलंय असं तिने लेकीला सांगितलं. गच्चीवर धूर नव्हता.

शिवकन्येचं माहेर कळमनुरीकडचं, माळरानाचं. ज्वारी तिथे धड यायची नाही, मका यायचा. तिची आई चांगुणा मक्याची भाकर अशी थापायची की तव्यावर टाकताना तिला एक चीर पडत नसे. लग्न झाल्यावर आठव्या दिवशी शिवकन्या माहेरून परत निघाली, तेव्हा चांगुणाने पाच भाकरी धुतल्या फडक्यात बांधून दिल्या. तालेवार सोयऱ्यांच्या घरी आपण काय द्यायचं, म्हणून जे सगळ्यात चांगलं येत होतं ते दिलं. इथे गोरेगावात सासूने ते फडकं सोडलं. मंजुळाबाई तेव्हा ताठ होत्या, आवाजही ताठ होता. आमच्यात हे ढोरं खातात, असं म्हणून त्या फडकं घेऊन गोठ्याकडे गेल्या आणि रिकामं फडकं झटकत परत आल्या. वीस वर्षांची शिवकन्या ओसरीत उभी होती. तिने ते फडकं धुऊन वाळत घातलं आणि आईला निरोप धाडला की सगळ्यांनी भाकरी आवडीने खाल्ल्या.

त्यानंतर या घरात तिने मका म्हणून कधी चुलीवर चढवला नाही. चांगुणा जाऊन आता नऊ वर्षं झाली होती. हे सगळं शिवकन्येने कोणालाही सांगितलं नव्हतं. नवऱ्याला नाही, लेकीलाही नाही.

तिकडे ओसरीत मतदान सुरू झालं होतं. पंजाबीसाठी संतराम, मुन्ना आणि अनुसूया यांचे हात वर गेले. बंडूने हात अर्धा वर करून डोकं खाजवलं. ते मत धरायचं की नाही यावर थोडी चकमक झाली. बंडू हा सदतीस एकर, दोन बैलजोड्या आणि एक ट्रॅक्टर एकट्याने सांभाळणारा माणूस होता, पण बापासमोर तो पन्नाशीतही शाळकरी दिसे. मेक्सिकनसाठी एकट्या प्रियंकाचा हात होता. संतराम निकाल देणार एवढ्यात तीच म्हणाली, "ज्यांचं लग्न आहे त्यांना कोणी विचारलं का?"

सगळ्यांनी बंडूकडे बघितलं.

"बाबांना नाही. आईला."

सगळ्यांनी उंबऱ्याकडे बघितलं. अशा वेळी द्यायचं उत्तर शिवकन्येच्या जिभेवर पंचवीस वर्षं तयार होतं: तुमी म्हनाल ते. साडीच्या रंगापासून लेकीच्या नावापर्यंत तिने तेच दिलं होतं. आताही ते ओठापर्यंत आलं.

"ते मक्याचं," ती म्हणाली.

अनुसूयाने वहिनीला ताप वगैरे आहे का ते डोळ्यांनी तपासलं. मग खाटेवरून मंजुळाबाईंनी विचारलं, "तिथं पायऱ्या हायेत का गं?"

नाहीत, तळमजल्यावरच आहे, प्रियंका म्हणाली.

"मंग तेच बरं. ते पंजाबी गच्चीवर हाय. माजे गुडघे हायेत का तसे?"

मंजुळाबाईंचे गुडघे हा घरातला जुना आणि मजबूत पक्ष होता. दोन वर्षांत त्या स्वतःच्या गच्चीवरही चढल्या नव्हत्या. त्या फिरल्यावर बाकीचे फिरायला वेळ लागला नाही. अनुसूयाला आठवलं की तिची जाऊ नांदेडला जाऊन पंजाबी खाऊन आली होती आणि वर्षभर तेच सांगत होती. मेक्सिकन मात्र सगळ्या पुसेगावात कोणी खाल्लेलं नव्हतं. मुन्नाने हॉटेलाच्या दुसऱ्या एका फोटोत ठेच्याच्या चार वाट्या मोजल्या आणि हा देश आपल्यातलाच दिसतो असं जाहीर केलं. आता धोका उरला नाही हे बघून बंडूने हात पूर्ण वर केला. संतराम तिसऱ्या निवडणुकीत एवढं तरी शिकले होते की वारं फिरलं की आपणही फिरावं. ठराव एकमताने मंजूर झाला असं सांगून, टोपी घालून ते बाहेर पडले.

प्रियंकाने सात जणांचं टेबल सांगितलं. दुपारी तीन वाजता हॉटेलवाले फोन करून आकडा पक्का करणार होते. शिवकन्या परत गच्चीवर गेली आणि उरलेल्या कुरडया तिने अशा घातल्या की दोन-तीन अगदीच वाकड्या झाल्या. तिच्या आयुष्यात ते पहिल्यांदा घडत होतं आणि तिला त्याचं काही वाटलं नाही.

बारा वाजता बेबीबाई आली. भावकीतली, चार घरं सोडून राहणारी. शुक्रवारी ताट-तांब्या आपापला आणायचा का तिथे मिळेल, एवढंच तिला विचारायचं होतं. शिवकन्येला वाटलं, हिला कुठल्यातरी लग्नाचं म्हणायचं असेल. तेवढ्यात भावकीतलाच एकजण आला आणि संभाजीनगरला जायला त्याने दोन क्रूझर गाड्या ठरवून ठेवल्याचं सांगून गेला. त्याच्या मागोमाग एक म्हातारी आली. तिला मेक्सिकन सोसेल का, तिचे दात नाहीत.

प्रियंकाने आजोबांना शोधून आणलं. संतराम आले तेच खुशीत. भावकीतल्या अकरा घरांना त्यांनी चूलबंद आवतन धाडलं होतं.

आता आवतन साधं असतं तेव्हा घरचा एक माणूस जाऊन जेवून येतो. चूलबंद म्हटलं की त्या दिवशी त्या घरची चूल पेटतच नाही. तान्ह्या लेकरापासून म्हाताऱ्यापर्यंत सगळे तिकडेच जेवायला. गावात आवतन पोचवायचं काम प्रेमदासचं; तो दारोदार जाऊन उंबऱ्यावर अक्षता ठेवतो, घरची बाई त्या उचलते, आणि एकदा उचलल्या की आवतन फिरवता येत नाही. असं फिरवलेलं आवतन गोरेगावात कोणाच्या आठवणीत नव्हतं. सुनेच्या लग्नाचं जेवण आणि भावकी घरी राहणार, हे संतरामांच्या मनात आलंच नव्हतं. जेवण म्हटलं की आवतन, हे त्यांच्या हाडात होतं. हॉटेलाचं सगळं सांगून त्यांनी प्रेमदासला बजावलं होतं की दारात मात्र ठिकाण मागून कळवू एवढंच म्हणायचं. पण प्रेमदास बत्तीस वर्षं एसटीत कंडक्टर होता. कुठे जायचं ते न सांगता माणसं गोळा करणं त्याला जमलंच नाही. अकराही दारांत उभं राहून त्याने खणखणीत आवाजात संभाजीनगर, मेक्सिकन हॉटेल असं पुकारलं होतं.

"आबा, तिथे सगळ्या हॉटेलात मिळून चाळीस खुर्च्या आहेत," प्रियंका म्हणाली. "हे त्र्याण्णव लोक झाले."

"मग तीन पंगती बसवू," संतराम म्हणाले. "वाढायला मुन्ना हाय."

प्रियंकाने डोकं धरलं. मेक्सिकन हॉटेलात पंगत का बसत नाही हे पटवायला तिला पाऊण तास लागला. तोवर ओसरीत घरचे सगळे पुन्हा जमले, चहा झाला, आणि हळूहळू एकेकाचं तोंड उतरलं. अनुसूयाने वडिलांची बाजू घेतली, कारण आवतन फिरलं तर पुसेगावपर्यंत बोभाटा होणार होता. मुन्ना सकाळी वहिनीच्या बाजूने होता, तो आता म्हणू लागला की क्रूझरवाले त्याच्याच ओळखीचे आहेत, त्यांना काय तोंड दाखवू. अकरा घरांच्या अक्षता उचलल्या गेल्या होत्या आणि सात माणसांचं टेबल होतं. शेवटी संतरामनी घसा खाकरला.

"हाटेल ऱ्हाऊ द्या. घरीच करू. वरन-भात, वांग्याची भाजी, बुंदी. आपली शिवकन्या हाय न. तिला काय जड हाय?"

सगळ्यांना एकदम हायसं वाटलं. सगळे शिवकन्येकडे प्रेमाने बघू लागले. या प्रेमाची शिवकन्येला चांगली ओळख होती. नणंदेचं डोहाळजेवण, मुन्नाचं लग्न आणि पुढे ते मोडल्यावर बसलेली बैठक, दोन्ही निवडणुकांचे विजय आणि एका पराभवाचं सांत्वन, सगळ्यांचा स्वयंपाक तिने केला होता, आणि दर वेळी आधी सगळ्यांनी तिच्याकडे असंच बघितलं होतं. आता तिच्याच लग्नाच्या पंचविसाव्या वर्षी त्र्याण्णव माणसांच्या वांग्याची देठं तिनेच काढायची होती. आणि ती काळी ताटली, त्या तीन पिवळ्या भाकरी कोणीतरी दुसऱ्याने केलेल्या, कोणीतरी दुसऱ्याने समोर आणून ठेवलेल्या, त्या गेल्याच. तिला राग आला. इतका राग आपल्यात आहे हे तिला माहीत नव्हतं.

तिने बंडूकडे बघितलं. बंडू कूलरकडे बघत होता.

प्रेमदास आपली पिशवी घेऊन पायरीवर बसला होता. आपल्याकडून काय चुकलं ते त्याला कळलं नव्हतं, पण चहा मिळाला होता म्हणून तो थांबला होता.

"प्रेमदासभाऊ," शिवकन्या म्हणाली, "अक्षता उरल्यात का?"

मूठभर होत्या.

"मंग बारावं घर ऱ्हायलं तुमचं. मला कोनी आवतन दिलं न्हाई."

प्रेमदास गोंधळला. हे घर तर आवतन देणारं, असं तो म्हणाला.

"जेवन माज्या लग्नाचं हाय. भावकीला आवतन, आन मलाच न्हाई, असं कसं? द्या बराबर. बाकीच्याइला दिलं तसं."

आवाज तिचा नेहमीचाच होता. चहात साखर किती घालू, हे विचारते त्या आवाजात ती बोलली. प्रेमदासने संतरामांकडे बघितलं. संतरामनी तोंड उघडलं, पण असा प्रसंग ग्रामपंचायतीत कधी आला नव्हता.

"दे रे तिला," खाटेवरून मंजुळाबाई म्हणाल्या.

प्रेमदास उठला. दाराबाहेर जाऊन, चपला नीट काढून, तो उंबऱ्यापाशी वाकला आणि त्याने अक्षता ठेवल्या. मग त्याने सगळी ओसरी दणाणेल अशा आवाजात पुकारलं, "संतरामभाऊच्या घरचं शुक्रवारचं चूलबंद आवतन हाय हो!"

शिवकन्येने पदराला हात पुसले, खाली बसली आणि एक-एक दाणा वेचून घेतला. "पोचलं," ती म्हणाली. मग आत जाऊन तिने त्या अक्षता मिठाच्या बरणीमागे ठेवल्या, जिथे ती दरवेळी लोकांच्या आवतनाच्या ठेवत असे.

ती परत आली तेव्हा संतरामना वाचा फुटली होती. देणाऱ्याच्याच घरची चूल बंद राहिली तर लोकांना खायला काय घालायचं, असा त्यांचा सवाल होता, आणि तो काही चुकीचा नव्हता. मंजुळाबाईंनी तो शांतपणे ऐकून घेतला.

"चूल बंद," त्या म्हणाल्या. "गवऱ्या बंद न्हाईत. रोडगे करा. शेतात रोडग्याला चूल लागती व्हय? आन रोडगे बायाइनी कवा केलेत? गडीमान्सं करतेत."

हे खरं होतं. कणकेचे गोळे गवऱ्यांच्या विस्तवात भाजायचे, तूप घालून कुस्करायचे आणि जोडीला वांग्याचं वरण. ही शेतातली पार्टी पुरुषच करतात आणि पुढे सहा महिने तिच्याबद्दल बोलतात. आवतन पाळलं जाणार होतं, अकरा चुली बंद राहणार होत्या आणि बारावीही. भावकी शेतात जेवणार आणि शिवकन्या तिच्या हॉटेलात जायला मोकळी. मुन्नाने कपाळावर हात मारून घेतला. पण हरकत घ्यायला कोणाकडे काही उरलं नव्हतं, एक अडचण सोडून. गोरेगावात रोडग्यांचा हात एकाच माणसाचा होता. कोणाचे आतून कच्चे राहत, कोणाचे कोळसा होत. बंडूचे कधी बिघडले नव्हते.

"मी हाय न," बंडू कूलरकडे बघत म्हणाला. "करतो मी."

शिवकन्येला वाटलं होतं की आपला राग संपला. तो संपला नव्हता, नुसता खाली बसला होता आणि आता त्याच्या जागी काहीतरी वाईट आलं. तो शेतात विस्तवापुढे बसणार आणि आपण पाच तास लांब खुर्चीवर, शेजारची खुर्ची रिकामी. बायको जेवायला गेली आणि नवरा रांधत राहिला, हे लोक हसत सांगतील. तिला लोकांचं काही नव्हतं. तिला तो सोबत हवा होता, आणि हे आज पहिल्यांदाच तिला इतकं साफ कळलं.

तेवढ्यात प्रियंकाचा फोन वाजला. तीन वाजले होते. हॉटेलातल्या बाईने हिंदीतून विचारलं की शुक्रवारी रात्री आठचं टेबल नक्की का आणि माणसं किती. प्रियंकाने आवाज मोठा करून फोन मध्ये धरला आणि आईकडे बघितलं.

शिवकन्येने तीन बोटं वर केली. ती, प्रियंका आणि मंजुळाबाई.

"तीन," प्रियंका फोनमध्ये म्हणाली.

"चार," बंडू म्हणाला.

सगळे त्याच्याकडे वळले. तो उभा राहिला होता. "पहाटं चारला गवऱ्या लावतो. धाला पंगत. अकराला निघू आपन."

धा वाजता रोडगे कोन खातं, संतराम म्हणाले.

"ज्याइनी अक्षता उचलल्यात ते खातील," बंडू म्हणाला. बापाला उलटून बोलायची ही त्याची पहिलीच वेळ, आणि बोलून झाल्यावर तो बायकोकडे वळला. "तू आज चारला उठलीसच न. एक दिस मी उठतो."

"चार," प्रियंकाने फोनमध्ये दुरुस्त केलं.

"पाच सांग," अनुसूया म्हणाली. तिच्या डोळ्यांपुढे पुसेगावची जाऊ होती.

मुन्नाने विचारलं, गाडी कोण चालवणार, प्रेमदास का? मग सहा. फोनवरची बाई मोठी सोशिक होती. मॅडम, छह पक्का करूँ, असं तिने विचारलं आणि सगळ्यांनी संतरामांकडे बघितलं. संतराम जमिनीकडे बघत होते. आपण हरलो की जिंकलो हे त्यांना नीट कळत नव्हतं, आणि असं त्यांना निवडणुकीतही झालं नव्हतं.

"टोपी चालती का तिथं," ते शेवटी म्हणाले, "तेवढं इचार त्या बाईला."

टोपी चालत होती. प्रियंकाने सात सांगून फोन ठेवला.

ऊन उतरल्यावर शिवकन्या कुरडया गोळा करायला गच्चीवर गेली. वरची बाजू कडक वाळली होती, खालची अजून ओलसर होती. एक-एक उचलून ती उलटी करत होती. जिन्यात काठीचा आवाज आला. तिला वाटलं प्रियंका असेल. बघते तर मंजुळाबाई. कठड्याला धरून, एका पायरीवर दोन्ही पाय ठेवत त्या वर आल्या होत्या.

"आत्याबाई, गुडघे," शिवकन्या म्हणाली.

"हायेत जाग्यावर." त्या धापा टाकत कुरडयांखालच्या प्लॅस्टिकच्या कडेला बसल्या आणि कुरडया उलट्या करू लागल्या. वाकडी झालेली एक त्यांनी उचलून बघितली आणि परत ठेवली. दोघींनी मिळून अर्ध्या कुरडया उलट्या केल्या.

"त्या वक्ती तुज्या मायनं भाकरी धाडल्या व्हत्या," मंजुळाबाई म्हणाल्या. "मक्याच्या."

शिवकन्येचे हात थांबले.

"म्या म्हशीला टाकल्या. चार."

"पाच व्हत्या."

"पाच व्हत्या. एक म्या खाल्ली. गोठ्यातच उभी ऱ्हाऊन खाल्ली." मंजुळाबाईंनी पुढची कुरडई उलटी केली. "लई चांगली व्हती, माय. कडंपतुर मऊ."

एवढी वर्षं का नाही सांगितलं, असं शिवकन्येने विचारलं.

"सासू व्हते म्या नवी-नवी," मंजुळाबाई म्हणाल्या. "म्हशीला टाकते म्हनून सगळ्याइपुढं गेल्यावर परत येऊन काय सांगू? आन मंग तू कवा केलीच न्हाई. मी वाट बघायची."

खाली ओसरीत गवऱ्या किती लागतील यावरून मुन्नाचं आणि संतरामांचं वाजायला लागलं होतं. शिवकन्या बसल्या जागी रडली, यावेळी धुराचं नाव न घेता, आणि मंजुळाबाई तिच्या वाटच्याही कुरडया उलट्या करत राहिल्या. मग तिने पदराने तोंड पुसलं.

"तिथं एका ताटलीत तीन येतेत," ती म्हणाली. "आपन दोन ताटल्या सांगू. या बारीला म्हशीला एकबी न्हाई."